अ‍ॅडल्ट डे केअर, एडिसन साइड (न्यू जर्सी) : आईबाबांना कायमचं इकडे आणणार असाल तर वाचा

सेंटरचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण आवडलेलं आणि खटकलेलं दोन्ही मोकळेपणाने लिहायचंय. शिवाय एडिसन, इसेलिन, पिस्कॅटवे ह्या पट्ट्यात देसी आजी-आजोबांसाठी इतकी सेंटरं झालीयेत की तुम्ही तुमच्या घराजवळचंच बघणार. बघताना काय बघायचं ते कळावं म्हणून एवढं लिहितेय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे वृद्धाश्रम नाही. काकांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे एकदम शांतता, त्यांना वाटलं आम्ही आईबाबांना कुठेतरी ठेवून आलो. तसं काही नाही. सकाळी व्हॅन घरी येते, दिवसभर तिथे नर्स, नाश्ता, जेवण, व्यायाम, भजन, पत्ते, कॅरम, आणि दुपारी व्हॅन परत घरी सोडते. रात्रीचं जेवण आपल्याच टेबलावर. नर्स असलेल्या सेंटरला मेडिकल डे केअर म्हणतात आणि त्यांना स्टेटच्या हेल्थ डिपार्टमेंटचं लायसन्स लागतं. नुसतं सोशल डे केअर म्हणूनही असतं, तिथे नर्स असेलच असं नाही, तर जाताना पहिलं हेच विचारा.

आता आम्हाला ह्याची गरज का पडली. आईबाबा कराडचे. बाबा झेडपीच्या शाळेत शिक्षक होते, रिटायर झाल्यावर रोज पहाटे प्रीतिसंगमावर चालायला जाणार, तिथे त्यांचा ठरलेला ग्रुप, येताना दूध आणि पेपर घेऊन येणार आणि पेपर वाचून झाला की खालच्या दुकानदाराशी त्यावर वाद घालणार. आईची भिशी, हरिपाठाचं मंडळ, भाजीवाली मावशी जिच्याशी भाव करताना अर्धा तास जायचा. व्हिजिटर व्हिसावर आले की सगळं गोड असायचं कारण रिटर्न तिकीट काढलेलं असतं, नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं, नातवाचे लाड होतात आणि कंटाळा यायच्या आत बॅगा भरायची वेळ येते. ग्रीनकार्डवर आले की तसं नाही ना. इकडे आमच्या डेव्हलपमेंटमधला, म्हणजे घरांच्या कॉलनीतला, फुटपाथ मेन रोडला जाऊन संपतो, त्यापुढे गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि ज्या माणसाने आयुष्यभर घरातले सगळे व्यवहार केले त्याला साधी दाढीची ब्लेडं आणायची तरी मुलीला सांगावं लागतं. बाबा कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण दुपारी मी मीटिंगमधून खाली आले की ते खिडकीशी बसून समोरच्या घरासमोर कुठली डिलिव्हरी आली ते बघत असायचे. आई तर स्वयंपाकघरातून बाहेरच येईना, आमच्यासाठी दिवसभर काही ना काही करत राहायची, कारण तेवढंच तिच्या हातात होतं.

व्हिसाच्या प्रोसेसबद्दल लोक खूप विचारतात म्हणून दोनच ओळी. मुलगा किंवा मुलगी सिटिझन असेल आणि वय २१ च्या वर असेल तर आईवडिलांसाठी कोटा नाही, भावंडांच्या कॅटेगरीसारखी वर्षानुवर्षांची रांग नाही. पण आईसाठी वेगळा आय-१३० (नातेवाइकासाठी ग्रीनकार्ड मागायचा फॉर्म) आणि बाबांसाठी वेगळा, एकात दोघं बसत नाहीत. बाबांचा जन्म खेड्यातला, जन्माची नोंदच नव्हती, मग नोंद नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वयाने मोठ्या नातेवाइकांची अ‍ॅफिडेव्हिट्स, पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स असं सगळं जमवलं आणि इंटरव्ह्यू मुंबईला बीकेसीत झाला. कटकट आहे, पण कागद नीट असले की होतं. ह्या सगळ्यावर एजंट, वकील, यूट्यूब, सगळे भरभरून बोलतात. आल्यानंतर मंगळवारी सकाळी अकरा वाजता हे दोघं काय करणार ह्यावर कोणीच बोलत नाही, आणि माझ्या मते आईवडील इकडे टिकतात की सहा महिन्यांत परत जायचा हट्ट धरतात ते सगळं ह्यावरच ठरतं.

सेंटरची माहिती आम्हाला ओक ट्री रोडवर मिळाली, किराणा दुकानात आईच्या पुढे उभ्या असलेल्या एका गुजराती मासींनी सांगितलं. सेंटरवाल्यांनी एक दिवस ट्रायलला या म्हणाले, फुकट. बाबांनी साफ नाही म्हणून सांगितलं, मी काय बालवाडीत जाऊ का म्हणून. आई एकटी गेली. संध्याकाळी आली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं, कोणाच्या सुनेने काय केलं, कोण आणंदच्या, कोण नडियादच्या, एका आजींचा गुडघा इथेच बदलला तर किती दिवसांत चालायला लागल्या, जेवताना माझा नवरा पण ऐकत बसला. पुढच्या आठवड्यात बाबा म्हणाले, बघून येतो एकदा.

अ‍ॅडमिशनच्या आधी डॉक्टरांचा फॉर्म लागतो, औषधांची पूर्ण यादी, आणि आमच्या सेंटरने टीबीची टेस्ट मागितली. इथे एक सांगून ठेवते. भारतात लहानपणी बीसीजी (टीबीची लस) दिलेलं असल्यामुळे हातावरची टीबीची स्किन टेस्ट काही वेळा उगाचच पॉझिटिव्ह येते आणि मग घरात घबराट. डॉक्टरांना आधीच सांगा की बीसीजी झालंय, रक्ताची टेस्ट करून द्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आमच्या डॉक्टरांनी तीच केली आणि प्रश्न मिटला.

आता सेंटर. बाहेरून बघाल तर नाराज व्हाल, स्ट्रिप मॉलसारखी बैठी बिल्डिंग, शेजारी गोदाम. आत मात्र स्वच्छ, मोठा हॉल, गोल टेबलं, एका कोपऱ्यात देव्हारा, दुसऱ्या कोपऱ्यात रिक्लायनर खुर्च्या कारण जेवल्यावर अर्धं पब्लिक झोपतं. बाथरूममध्ये धरायला दांडे, जमीन कोरडी, मी मुद्दाम जाऊन बघितलं. सकाळी चहा-नाश्ता, मग नर्स एकेकाला बोलवून बीपी, वजन, ज्यांना लागते त्यांची शुगर. मग खुर्चीत बसून व्यायाम, भजन, बाराच्या सुमारास जेवण, मग हौजी, अंताक्षरी, कॅरम. नवरात्रात टाळ्यांचा गरबा, वॉकर धरून उभ्या असलेल्या आज्यासुद्धा पाय हलवतात, त्या दिवशीचा व्हिडिओ आईने कराडच्या भिशी ग्रुपवर टाकला होता.

नर्सबद्दल मी हातचं न राखता चांगलं लिहिणार आहे. केरळच्या आहेत, हिंदी मोडकं पण पेशंटशी बोलायची हातोटी अशी की बाबा मला सांगत नाहीत ते त्यांना सांगतात. बाबांची बीपीची गोळी इथल्या डॉक्टरांनी वाढवून दिली होती. काही आठवड्यांनी नर्सने मला फोन केला की तुमच्या वडिलांच्या घोट्याला सूज दिसतेय, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उठतोय, ते अ‍ॅम्लोडिपिनवर आहेत (बीपीची तीच गोळी), त्याने असं होऊ शकतं, डॉक्टरांना दाखवून घ्या. मी रोज त्यांच्यासोबत राहते, पण घरात ते कायम पायमोजे घालून, मला कसं दिसणार. डॉक्टरांनी गोळी बदलली, सूज गेली. आई सकाळी गोळी चुकवते हेही त्यांनीच शुगरच्या आकड्यांवरून ओळखलं. रोज तीच व्यक्ती तपासतेय ह्याचा हा फायदा, तीन महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं बघणाऱ्या डॉक्टरला हे कळायला मार्ग नाही. सेंटर निवडताना नर्स किती दिवसांपासून तिथे आहे ते नक्की विचारा, दर महिन्याला नवीन नर्स असेल तर सरळ दुसरं सेंटर बघा.

जेवण. शुद्ध शाकाहारी, ताजं, गरम, मऊ पोळ्या, आणि जैन जेवण वेगळं मिळतं. पण सगळं गुजराती पद्धतीचं, डाळीत गूळ, भाजीत गूळ, आणि आईला गोड डाळ उतरत नाही. ती पहिल्या आठवड्यात पर्समधून लसणाची चटणी घेऊन गेली, डबी उघडली आणि टेबलावरच्या दोन आज्या खुर्ची सरकवून पलीकडे गेल्या, त्या कांदा-लसूण खात नाहीत. भांडण वगैरे काही नाही झालं, पण आई घरी आल्यावर गप्प होती. मग तिनेच मार्ग काढला, मेतकूट न्यायला लागली. भातावर तूप आणि मेतकूट. त्याच दोघी आज्यांनी चव बघितली आणि आता आई भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला मेतकुटाची पाकिटं सांगते कारण टेबलावर सहा जणी आहेत. किचनवाल्यांना मी दोनदा सांगितलं की आठवड्यातून एकदा साधं वरण करा, एकदा केलं, नंतर विसरले. डायबेटिस असलेल्यांसाठी वेगळं ताट आहे असं ब्रोशरमध्ये लिहिलंय, प्रत्यक्षात तेच ताट, फक्त गोड पदार्थ काढलेला आणि भात जरा कमी. हे मला पटत नाही, निम्म्या हॉलला शुगर असताना ह्याकडे जास्त लक्ष हवं, आणि मी तसं मॅनेजरला लेखी दिलंय.

मराठी माणसं कमी आहेत. आमच्या दोघांशिवाय नागपूरकडचे एक जोडपं आणि डोंबिवलीच्या एक काकू. बाकी बहुतेक गुजराती, थोडे पंजाबी, थोडे तेलुगू. आईला हिंदी जमतं आणि आता गुजरातीही बरीच समजते, तिचं छान चाललंय. बाबांना सुरुवातीला जड गेलं. टीव्ही मोठ्या आवाजात, आणि एका तासाला तर रंग भरायला फुलांची चित्रं दिली, सदतीस-अडतीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या हातात रंगीत खडू देऊन फूल रंगवा म्हणणं हे मला अजिबात आवडलं नाही, त्यांना तर नाहीच. अ‍ॅक्टिव्हिटी घेणाऱ्या मुली प्रेमळ आहेत, पण समोर बसलेली माणसं आयुष्यभर काय करत होती हे विचारून कार्यक्रम ठरवला तर किती फरक पडेल. त्या हॉलमध्ये बँकवाले आहेत, शेतकरी आहेत, शिंपी आहेत, एक रेल्वेचे गार्ड आहेत.

ह्यातून निघालेली चांगली गोष्ट म्हणजे सिटिझनशिपचा क्लास. सेंटरमध्ये बऱ्याच जणांची ग्रीनकार्डवर पाच वर्षं होत आलीयेत, त्यांना सिव्हिक्सची, म्हणजे सिटिझनशिपसाठी अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार ह्यावर जी टेस्ट होते तिची, तयारी करायचीय, आणि आता २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी टेस्ट बदललीये, आधी १०० प्रश्नांच्या यादीतले १० विचारायचे आणि ६ बरोबर लागायचे, आता यादी १२८ ची, २० विचारणार आणि १२ बरोबर हवे. ज्यांचं वय ६५ च्या वर आणि ग्रीनकार्डला २० वर्षं झालीत त्यांना सोपी यादी आणि आपल्या भाषेत उत्तर द्यायची मुभा आहे, पण म्हातारपणी आलेल्यांना २० वर्षं कुठून भरणार, त्यांतल्या बहुतेकांना इंग्लिशमध्येच द्यावी लागते. बाबांनी मॅनेजरला विचारलं, मी घेऊ का. आता जेवणाआधी ते व्हाइटबोर्डसमोर उभे असतात. एका बाजूला इंग्लिश प्रश्न, खाली हिंदीत अर्थ, आणि ज्या आजी कधी शाळेत गेल्या नाहीत त्यांना ए, बी, सी पासून. घरी येऊन दुसऱ्या दिवशीची तयारी करतात, चष्मा लावून, समासाची रेघ मारलेल्या वहीत. रंगाचा तास त्यांनी सोडून दिलाय आणि कोणी त्यांना बोलत नाही.

व्हॅन. इथे मात्र मी कडक मार्क देणार. ड्रायव्हर सगळे सभ्य, हात धरून चढवतात, पट्टा लावतात, वॉकर मागे ठेवतात, सगळं नीट. पण रूट. आमचं घर एका टोकाला, त्यामुळे आईबाबा सकाळी सगळ्यात आधी चढतात आणि दुपारी सगळ्यात शेवटी उतरतात, एका बाजूला तासाच्या वर जातो. ह्या वयात, पाण्याची गोळी (लघवी जास्त होण्याची) घेतलेली असताना, तासभर व्हॅनमध्ये लघवी रोखून बसायचं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना सांगायला नको. आई तर सकाळचा चहाच प्यायची बंद झाली होती, मला उशिरा कळलं. आम्ही तक्रार केली, एका बाजूचा रूट बदलला, आता जाताना पहिले असले तरी येताना मधे उतरतात. बर्फाच्या दिवशी सेंटर बंद असल्याचा मेसेज काही वेळा इतक्या उशिरा येतो की आई स्वेटर, जॅकेट, बूट सगळं घालून दारात बसलेली असते. हे सुधारायलाच हवं.

पैशांचं नीट समजून घ्या कारण ह्यात खूप गैरसमज आहेत. सेंटरमधल्या बहुतेकांचे पैसे मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) भरतं, म्हणून लोकांना वाटतं की ग्रीनकार्ड आलं की फुकट. नवीन ग्रीनकार्डवाल्यांना साधारणपणे पहिली ५ वर्षं मेडिकेड नाही. त्यानंतरही उत्पन्न आणि मालमत्ता बघतात आणि नुसतं वय झालं म्हणून देत नाहीत, असेसमेंट होते, रोजच्या कामांत मदत लागते का, नर्सची गरज आहे का ते तपासतात, आणि आठवड्याला जास्तीत जास्त ५ दिवस. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) हेही ६५ च्या वर असलेल्या नवीन लोकांना ५ वर्षं सलग राहिल्यावरच विकत घेता येतं, त्यात इकडे काम केलेलं नसेल तर पार्ट ए ला (हॉस्पिटलचा भाग) पण प्रीमियम, २०२५ मध्ये पूर्ण दर महिन्याला ५१८ डॉलर होता आणि पार्ट बी चा (डॉक्टरांचा भाग) १८५, दोघांचं धरून हिशोब करा. आणि ओरिजिनल मेडिकेअर डे केअरचे पैसे देतच नाही. त्याआधी गेट कव्हर्ड एनजेवर (स्टेटची इन्शुरन्स घ्यायची वेबसाइट) इन्शुरन्स घेता येतो, आल्यापासून ६० दिवसांत अर्ज करा नाहीतर ओपन एनरोलमेंटपर्यंत (वर्षातून एकदा सगळ्यांसाठी नोंदणी उघडते तोपर्यंत) थांबावं लागेल. आम्ही सेंटरचे पैसे खिशातून भरतो, त्यामुळे रोज नाही, आठवड्यातले ठरावीक दिवसच पाठवतो. भावाने अर्धा भार उचललाय. प्रत्येक सेंटरचा दर वेगळा, व्हॅन आणि जेवण त्यात धरलंय का ते विचारा, बार्गेनिंग होतं.

एक सावध करते. एका दुसऱ्या सेंटरच्या माणसाने आमच्या टेबलावरच्या आजोबांना फोन करून आमच्याकडे या, महिन्याला गिफ्ट कार्ड देतो म्हणून सांगितलं. मेडिकेडवाले पेशंट आणण्यासाठी असं काही देणं-घेणं कायद्याने गुन्हा आहे. आजी-आजोबांना वाटतं फुकट मिळतंय तर घ्यावं. असं कोणी बोललं तर त्या सेंटरला पाठवू नका.

नोव्हेंबरात सगळ्या पेन्शनवाल्यांची एकच धांदल असते, हयातीचा दाखला. कोणाला आधार फेस अ‍ॅपवर चेहरा ओळखत नाही, कोणाची बँक कॉन्सुलेटचाच कागद मागते आणि कॉन्सुलेट न्यूयॉर्कला. ऑफिसमधल्या सोशल वर्कर मुलीने बसून चार-पाच जणांचे मोबाइलवर करून दिले, बाबांचाही. हे तिचं काम नव्हतं. तिला वेगळे पाच स्टार.

जे भारतात दोन-चार महिने जाऊन येतात त्यांनी सेंटरला आधी सांगा, जागा धरून ठेवतात का ते विचारा, आमच्याकडे परत आल्यावर डॉक्टरांचा फॉर्म नवीन द्यावा लागला. आणि ग्रीनकार्डवर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर एअरपोर्टवर प्रश्न विचारतात, वर्षाच्या वर राहायचं असेल तर जायच्या आधी इथूनच री-एन्ट्री परमिटचा (परत आत यायच्या परवानगीचा) अर्ज करावा लागतो. आईबाबा ह्या वर्षी गणपतीला जाऊन आले. मला मनातून भीती होती की तिकडे गेल्यावर परत यायला तयार होतील का. बाबा प्रीतिसंगमावर ग्रुपला भेटले, घर उघडून जाळी-बिळी काढली, पण निघायच्या आदल्या दिवशी मला फोनवर विचारत होते की माझ्या जागी क्लास त्या तेलुगू गृहस्थांनी घेतला का, कुठल्या प्रश्नापर्यंत आले.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट सांगते. आई तिथे आमच्याबद्दल कुरकुर करते. मी उशिरापर्यंत काम करते, जावई भाजीत मीठ कमी घालायला लावतो, नातू मराठीत उत्तर देत नाही, सगळं टेबलावर जातं, कारण टेबलावर सगळ्यांचीच मुलं तशीच. मला ते एका काकूंकडून कळलं आणि खूप बरं वाटलं. वर्षभर ती माझ्यासमोर फक्त छान आहे, काही नको, म्हणत होती. आता तिला मन मोकळं करायला मैत्रिणी आहेत ज्या मी शोधून दिलेल्या नाहीत, आणि शनिवारी आम्ही सगळे घरी असलो की ती आता आमच्यावर चिडतेसुद्धा, कराडला चिडायची तशी.

मराठी कार्यक्रमांचं काय असं कोणी विचारेल, तर मराठी विश्वच्या (न्यू जर्सीचं मराठी मंडळ) कार्यक्रमांना आम्ही नेतोच, आईबाबांना मजा येते, पण ते वीकेंडला आणि आम्ही गाडीने नेऊ तेव्हा. आठवड्याचे पाच दिवस हा प्रश्न त्याने सुटत नाही. आपल्या मंडळींनी मिळून एखाद्या सेंटरशी बोलून तिथे मराठी टेबल, मराठी भजन, आठवड्यातून एकदा वरण-भात असं काही जमवलं तर मी वेळ द्यायला तयार आहे, आमच्या भागातली मराठी घरं मोजली तर पंधरा-वीस आजी-आजोबा सहज निघतील.

रेटिंग : नर्स आणि स्टाफ ५, स्वच्छता ५, जेवण साडेतीन, अ‍ॅक्टिव्हिटी ३ (बाबांचा क्लास धरून ४), व्हॅन अडीच. एकूण ४. ट्रायलच्या दिवशी आईवडिलांना एकटं पाठवण्याआधी तुम्ही स्वतः साडेअकराला न सांगता जाऊन या, जेवण बघा, बाथरूम बघा, लायसन्स भिंतीवर लावलंय का बघा, आणि तुमच्या पत्त्यावरून व्हॅनला जाता-येता प्रत्येकी किती वेळ लागणार ते सही करायच्या आधी लिहून घ्या.